लिडियाआत्याच्या वेलाखालची माती

लिडियाआत्याच्या डांगरात कधी अळी निघाली नाही. आमच्या गावात ही गोष्ट इतकी जुनी होती की तिचं कुणाला नवल उरलं नव्हतं. तिसगावच्या बाजारातून आणलेला लाल भोपळा चिरला की बायका आधी आत वाकून बघत. आत्याच्या वेलावरचं डांगर मात्र न बघता विळीवर धरत. केशरी, कोरडा, गोड गर. बाळंतिणीला तेच, दात पडलेल्या म्हाताऱ्याला तेच, दूध सुटलेल्या लेकराला तेच. मीसुद्धा त्याच्या घाऱ्या खाऊनच वाढले.

दिवाळीच्या पुढेमागे आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्याच्या शेतात जे पहिलं आलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं. बाजरीची कणसं, तुरीच्या ओल्या शेंगा, ओंजळभर कापूस, एखादीची कोंबडी नुकती अंड्यावर आली असेल तर अंडी. उपासना झाली की खाण्याजोगं सगळं मागच्या अंगणात शिजतं आणि मंडळी पंगतीला बसते. या प्रीतिभोजनातली भाजी वर्षानुवर्षं एकच, आत्याच्या डांगराची. ती ते डोक्यावर घेऊन यायची. कुणी हात लावायला गेलं तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे. माझं लेकरू हाय, मीच उतरवीन."

उंच, काटकुळी, सत्तरीला टेकलेली बाई. चालताना पुढे झुकलेली, जणू डोक्यावर सतत काहीतरी आहे. बोलायला फटकळ. एकदा आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं तेव्हा भर उपासनेत म्हणाली होती, "पाळकसाहेब, डांगर येलावर पिकतं, वेदीवर न्हाई. आवरा आता." पाळकसाहेब, म्हणजे कल्याण पाळक, स्वतःच आधी हसले होते.

तिचा नवरा याकोब शेतकी सोसायटीच्या खतं-औषधांच्या गोदामावर वॉचमन होता. मितभाषी, खाकी शर्ट, संध्याकाळी पायरीवर बसून पाव्यासारखी शीळ घालणारा. नऊ वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्याने गेला. एक मुलगा, तो टेम्पो चालवतो. सून माधुरी. आणि घरामागे चार गुंठे जमीन, त्यातल्या कोपऱ्यातला तो वाफा.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात गावात प्रज्ञा आली. काष्टीची मुलगी, कृषी महाविद्यालयात मातीवर पीएचडी करणारी. ती शेताशेतात चौकोन आखून, वीतभर खणून गांडुळं मोजायची. गावाने आठ दिवसांत तिचं नाव गांडूळबाई ठेवलं. आत्याने तिला रस्त्यातच अडवलं.

"काय गं गांडूळबाई, समद्यांच्या रानात जातीस, आमच्याकडं यायला पाय मोडले व्हय?"

"येते की मावशी. तुमच्याकडे गांडुळं आहेत का?"

"गांडूळ कशाला असंल? आमच्या वाफ्यात किडा न्हाई का मुंगी न्हाई. लई स्वच्छ जागा."

प्रज्ञाने वही बंद केली. "मुंगी नाही म्हणजे?"

"म्हंजे न्हाई. ये, दावते."

आत्याने घरातून गुळाचा खडा आणला, वेलाखालच्या मातीवर ठेवला आणि दोघींसाठी चहा टाकला. चहा झाला, दुसरा झाला. बाजूच्या बांधावर मुंग्यांची रांग चालली होती, ती वाफ्याच्या कडेला येऊन वळत होती. गूळ ठेवला तसाच होता. "बघ!" आत्या म्हणाली. पोराचं बक्षीस दाखवताना आईचा आवाज होतो तसा तिचा आवाज झाला होता.

प्रज्ञा हसली नाही. ती खुरपं घेऊन बसली. तिने पाच ठिकाणी खणलं. एकाही ठिकाणी काही वळवळलं नाही.

"मावशी, इथं पूर्वी काय होतं?"

"काय न्हाई. आमच्या ह्यांनी पावडर पुरलीती. गोदामातली. हुमणी-वाळवी मारायची, मुदत गेल्याली. सरकारनं बंदी आणली, मंग सोसायटीचा सेक्रेटरी म्हनला, न्हेऊन टाका कुठंबी." आत्याने हे अगदी सरळ सांगितलं, कारण तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. "पन तसंच न्हाई लावलं हो. सेक्रेटरीनं सांगितल्यालं, दोन पावसाळे गेलं की जहर मरतं. ह्यांनी मला बजावलं, दोन पावसाळे हात लावू नको. न्हाई लावला. येक डाव घरात भाजीला काडी नव्हती तरी न्हाई लावला. तिसऱ्या साली बी टाकलं."

प्रज्ञाने मातीच्या पिशव्या भरल्या. जाताना एक डांगरही मागून घेतलं. आत्याने तिला दोन दिली. एक तपासायला, एक खायला.

दीड महिन्याने ती परत आली ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. फोनवर सांगता आलं असतं, पण ती आली. पायरीवर बसली. माधुरी तेव्हा सहाव्या महिन्यात होती आणि पाहुणी आली म्हणून घाऱ्यांची ताटली घेऊन दारात उभी होती.

"मावशी, जे पुरलंय ते मेलेलं नाही," प्रज्ञा म्हणाली. "मातीत आहे. आणि डांगरात पण आहे."

"डांगरात कुठनं यील? आमी फवारत न्हाई."

"मुळातून. बाजरी लावली असती, तूर लावली असती, तर एवढं आलं नसतं. ही भोपळ्या-काकडीची जात तेवढी वेगळी असते. ती मातीतलं हे विष ओढून घेते आणि फळापर्यंत नेते. अळी का लागत नव्हती ते..." तिची नजर माधुरीच्या हातातल्या ताटलीवर गेली.

माधुरीने ताटली उंबऱ्यावर ठेवली. खाली वाकताना तिला त्रास होत होता, तरी ती वाकून ठेवली, आणि मग हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, पुसत राहिली.

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पन दोन पावसाळे गेल्ते की."

तेवढंच. दिवसभरात तिने हे वाक्य चारदा म्हटलं, दर वेळी वेगळ्या माणसाला. प्रज्ञाला, माधुरीला, संध्याकाळी टेम्पो लावून आलेल्या मुलाला. आणि एकदा कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने हातमोजे आणि तोंडावर जाड मास्क चढवून कोपऱ्यात एकच अरुंद खड्डा घेतला. पुरलेलं नेमकं कुठे आहे ते पाहायला हवं होतं. कमरेइतकं खाली गेल्यावर गोणपाटाच्या चिंध्या लागल्या आणि त्याखाली पावडर. पांढरी. गुठळ्या झालेली, पण पांढरीच. पंचवीस पावसाळे त्या मातीवरून गेले होते, त्यावर तेवीस वेळा वेल चढून वाळला होता, एक माणूस म्हातारा होऊन मेला होता, आणि ती पावडर काल ठेवल्यासारखी होती. वरती वास आला. प्रज्ञाने ओरडून सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. आत्या मागे झाली नाही.

"ह्यांच्या शर्टाचा वास हाय," ती म्हणाली.

याकोबचे खाकी शर्ट ती वीस वर्षं हाताने धूत आली होती.

खड्डा त्याच दिवशी बुजवला. वर चिकणमाती, त्यावर प्लास्टिक, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. पोती काढणं हे घरच्या माणसांचं काम नव्हे, त्याला परवानगी लागते, ड्रम लागतात, शिकलेली माणसं लागतात. प्रज्ञाने अर्ज लिहून नगरला पाठवला. विहिरीचं पाणी तपासलं, त्यात काही सापडलं नाही. त्या दिवसांतली ती एकच बरी बातमी. वेल उपटून, फळांसकट, त्याच काट्यांच्या आत टाकला.

"लोकांना सांगायला हवं, मावशी," जाताना प्रज्ञा म्हणाली.

"पीक थांबवलं ना आता?"

"थांबवलं. पण ज्यांनी खाल्लंय..."

"सांगीन," आत्या म्हणाली.

सांगितलं नाही. त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला ती बाजरीची पाच कणसं घेऊन आली. बायकांनी विचारलं, डांगर कुठंय गं? "येल वाळला," ती म्हणाली. वेदीपुढे उभं राहून म्हणाली. त्या दिवसापासून दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला रांगेतून फिरायचा तेव्हा आत्या तो पुढच्या माणसाकडे सरकवायची. स्वतः घ्यायची नाही. मनात काही अडलेलं असताना घेऊ नये असं आमच्यात मानतात. पण बायकांना वाटलं, तिला बरं नसेल, पथ्य असेल. कुणी विचारलं नाही, कारण लिडियाआत्याच्या मनात काही अडेल हे कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

उन्हाळ्यात प्रज्ञा पुन्हा आली. तिचं म्हणणं होतं, पोती निघतील तेव्हा निघतील, पण आजूबाजूला पसरलेलं जे आहे त्याच्यासाठी मातीत कोळसा घालून बघू. साधा नाही, तुरीच्या तुराट्यांचा आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, कमी हवेत जाळलेला. आत्याला आधी हे पोरकट वाटलं, मग एकदम पटलं. तिने प्रज्ञा यायच्या आधीच ढीगभर तुराट्या पेटवल्या आणि पांढरी राख होईपर्यंत जळू दिल्या.

"अहो मावशी! ही राख झाली. राख नको होती."

"का गं? राखेनं भांडी निघत्यात. माती का न्हाई निघनार?"

"भांडं घासून पाणी फेकून देता येतं. माती घासून कुठे फेकणार?"

आत्या त्या वर्षात पहिल्यांदा हसली, ते तेव्हा. मग दोघींनी निमुळता खड्डा खणला, त्यात थरावर थर पेटवले, आणि ज्वाळा खाली बसली की राख धरायच्या आत वर पाणी ओतलं. चुलीतला निखारा नेमका कधी विझवायचा हे प्रज्ञाने पुस्तकात वाचलं होतं, आत्याला ते डोळ्यांनी कळत होतं. "आता," ती म्हणायची, आणि माधुरीने आणलेली बादली खड्ड्यात जायची. माधुरीची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, धडधाकट, झोळीत झोपलेली, आणि झोळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, लांब बांधलेली. खड्ड्यातून निघाले ते काळे, चमकणारे, हातात घेतले तर कापसाइतके हलके तुकडे. ते गोणीत घालून मुसळाने कुटले. शेजाऱ्यांनी विचारलं तर आत्या सांगायची, खत आहे.

प्रज्ञाने काट्यांच्या बाहेरचा वाफा दोरीने मधोमध विभागला. एका अर्ध्यात कोळसा वीतभर खोल मिसळायचा, दुसरा अर्धा आहे तसा ठेवायचा.

"आर्धी बरी करायची नि आर्धी आजारी ठिवायची? ही कुठली दवा?"

"तसं केल्याशिवाय कोळशाने फरक पडला की आपोआप पडला, कसं कळणार?"

"आपोआप काय व्हत न्हाई," आत्या म्हणाली. "आपोआप व्हनार म्हनून तर बसलो."

आषाढात दोन्ही भागांत बी टाकलं. त्या वर्षी वेलावरचं एकही फळ घरात आलं नाही. मोजायचं, चिठ्ठी बांधायची, प्रज्ञाच्या पेटीत. निकाल आला तो उपकारस्तुतीच्या आदल्या आठवड्यात. कोळसा न घातलेल्या मातीवरच्या डांगरात विष पूर्वीइतकंच. कोळशावरच्या डांगरात इतकं कमी की ते खायला हरकत नाही असं कायद्याने म्हणता येईल.

"म्हंजे मेलं?" आत्याने विचारलं.

"नाही. कोळसा मारत नाही मावशी. धरून ठेवतो. वेलाला देत नाही."

"म्हंजे हाय तिथंच."

"आहे तिथंच."

आत्याने कोळसा मिसळलेली मूठभर माती उचलली, बोटांत चोळली, आणि खाली सोडून दिली. त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. माधुरी म्हणाली, "आई, आता डांगर चांगलं निघालंय ना? न्या आणि ठेवा वेदीपुढं. झालं गेलं कशाला उकरायचं? उद्या माझ्या पोरीला साधा ताप आला तरी लोक बोटं दाखवतील."

मुलगा बापाला दादा म्हणत असे. तो म्हणाला, "दादा आता हायेत का उत्तर द्यायला? त्यांचं नाव घेणार तू, भर चर्चमधी?"

"त्येंचं घेईन, माझं बी घेईन."

"आगं पन कुणाला काय झालंय का?"

"मला काय ठावं?" आत्या म्हणाली. "त्येंच्या पोटात काय गेलं ते त्येंला तरी ठावं का? मला तेवढं ठावं हाय. ते मी किती दिस माझ्याजवळ ठिवू?"

रविवारी ती दोन डांगरं घेऊन आली. एक डोक्यावर, एक कमरेवर. आम्ही बायका खूष झालो. आत्याच्या शेजारी बसणारी भागिरथीबाई तर मोठ्याने म्हणाली, "चला, यंदा भाजीला चव येईल." आत्याने ती दोन्ही वेदीपुढे शेजारी शेजारी ठेवली. तीच शीर, तोच रंग, तेच देठ. प्रार्थना झाली तेव्हा ती बसली नाही.

"पाळकसाहेब, मला बोलायचं हाय."

"बोला आत्या. आज आम्ही आवरतो," पाळकसाहेब म्हणाले, आणि दोनचार जण हसले.

तिने सांगितलं. पावडर, दोन पावसाळे, गांडूळबाई, खड्डा, कोळसा. मध्ये कुठे रडली नाही, कुठे थांबली नाही. "ह्यातलं येक चांगलं हाय आनि येक वाईट. दिसायला दोनी सारखी हायेत, म्हनून दोनी आणली. तेवीस वर्सं मी तुमाला हे दुसरं खाऊ घातलं."

मला आधी काहीच वाटलं नाही. मग तोंडात घाऱ्यांची चव आली. गूळ, वेलदोडा, गराचा तो कोरडा गोडवा.  पुढच्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरचं मूल उचलून एकदम छातीशी धरलं, जणू ते आत्ताच काही खाणार होतं. मागे अंगणात चुलाणं पेटलेलं होतं, त्यावरच्या पाण्याला आधण आल्याचा आवाज येत होता, आणि ते उतरवायला कुणी उठत नव्हतं.

भागिरथीबाई उठली. "लिडिये, माझ्या तिन्ही लेकींची बाळंतपनं तुझ्या डांगरावर झाली."

"व्हय."

"तुला कवा कळलं?"

"वरीस झालं."

"वरीस?" ती विषाने हलली नव्हती इतकी या शब्दाने हलली. "वरीसभर माझ्या शेजारी बसतीस! तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"व्हय," आत्या म्हणाली.

भागिरथीबाई खाली बसली आणि तिने आत्याच्या जागेवर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. आत्याला बसायला जागा करून दिली, की आपली वस्तूही आता तिच्या जागेवर नको म्हणून उचलली, मला कळलं नाही.

पाळकसाहेबांचा आवाज बारीक झाला होता. "पण याकोबभाऊंनी ती घरच्या रानात का पुरली? लांब ओढ्यात..."

"वढ्यावर गावाची गुरं पानी पित्यात," आत्या म्हणाली. "म्हनून आमच्यात पुरली. लोकांना नगं, आपल्यात असू दे, म्हनले."

तेव्हा पुरुषांच्या बाजूने भिंतीला धरून भिमाजीबाबा उठले. ऐंशीच्या पुढचे, पूर्वी गोदामावर हमाल असलेले. ते उपासनेत नेहमी डुलक्या घेतात म्हणून आम्ही आधी लक्षच दिलं नाही.

"याकोब येकटा नव्हता," ते म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, बाबा, बसा.

"बसतो. आदी आयका. बैलगाडीच्या चार खेपा झाल्या त्या दिशी. येक खेप याकोबच्या रानात. बाकीच्या तीन आमी तिघा हमालांनी वाटून घेतल्या. तोच म्हनला, वढ्यात नगं, आपापल्यात पुरू. दोगं वारले. मी ऱ्हायलो." त्यांनी श्वास घेतला. "सेक्रेटरी दोन पावसाळे म्हनला हुता. मी येकच पावसाळा थांबलो."

लिडियाआत्या वेदीपासून निघाली ती थेट त्यांच्यापाशी आली. पुरुषांच्या बाजूला बाई जात नाही, पण तिला कुणी अडवलं नाही. तिचा चेहरा मी त्या सगळ्या वेळात पहिल्यांदा पांढरा पडलेला पाहिला. ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती.

"कुठं पुरली, भिमाजीभाऊ?"

बाबांनी हात उचलला, पण समोर भिंत होती. त्यांनी हात तसाच धरून दाराकडे चालायला सुरुवात केली. आत्याने त्यांची काठी घेतली आणि आपला खांदा दिला. मग एकेक करून आम्ही सगळेच उठलो. भागिरथीबाई शेवटी उठली, पण उठली.

चर्चच्या पायऱ्यांवरून सबंध शिवार दिसतं. ऊन चढलं होतं. वस्तीच्या अलीकडे शाळा, पलीकडे घरं, परसातले मांडव, कुंपणांवर चढलेले हिरवे वेल. भिमाजीबाबांनी डोळ्यांवर आडवा तळवा धरला, दुसरा हात पुढे केला आणि तो सावकाश फिरवू लागले. हात तीनदा थांबला.